रोम ‘पडलं’ ते कोणाला कळलं? मध्ययुगीन युरोपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाची गोडी असलेले वाचक आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, दोघांकडून युरोपच्या मध्ययुगाबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, तर काहींत मी स्वतःच रमलो आहे.

मध्ययुग नेमकं कुठून कुठपर्यंत धरायचं?

ढोबळमानाने इ.स. ५०० ते १५००. पण त्या हजार वर्षांत जगलेल्या कोणालाही आपण कशाच्या तरी ‘मध्ये’ आहोत, हे ठाऊक नव्हतं. चौदाव्या शतकात पेत्रार्क या इटालियन कवीने रोमच्या ऱ्हासानंतरच्या काळाला अंधार म्हटलं. पुढच्या विद्वानांनी एका टोकाला प्राचीन वैभव आणि दुसऱ्या टोकाला स्वतःचा उजेड ठेवला, आणि उरलेलं सगळं ‘मधलं’ ठरवलं. थोडक्यात, ज्यांनी या काळाचं नाव ठेवलं त्यांनी त्याला नावंच ठेवली.

४७६ साली रोमन साम्राज्य कोसळलं म्हणजे त्या दिवशी काय झालं?

फारसं काही नाही. ओडोअॅकर नावाच्या जर्मानिक सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं. मारलंही नाही; तनखा बांधून देऊन दक्षिण इटलीत राहायला पाठवलं. सम्राटपदाची राजचिन्हं कॉन्स्टॅन्टिनोपलला (आजचं इस्तंबूल) झेनो या पूर्वेच्या सम्राटाकडे रवाना केली. पश्चिमेला वेगळ्या सम्राटाची आता गरज नाही, असा त्याचा अर्थ.

बाजार दुसऱ्या दिवशी भरला असणार. रोमची सिनेट पुढेही चालू होती. कर, रस्ते, पाण्याचे कालवे आणि मोठी शहरं यांची घसरण आधी सुरू झाली होती आणि नंतर शंभरेक वर्षं चालली. पूर्वेचं रोमन साम्राज्य तर १४५३ पर्यंत टिकलं. त्याला आपण ‘बायझंटाइन’ म्हणतो, पण तिथले लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत. ४७६ हे साल पाठ करायला सोयीचं आहे. एवढंच.

मग ‘अंधारयुग’ म्हणणं चूक का?

पहिल्या दोन-तीन शतकांत पश्चिम युरोपातली शहरं ओस पडली, लिहिणारे हात कमी झाले, दूरचा व्यापार आटला. हे खरं आहे. पण तोच शब्द हजार वर्षांना लावायचा तर चष्मा, यांत्रिक घड्याळ, विद्यापीठ, उंच कमानींची आणि रंगीत काचांची कॅथेड्रलं याच काळातली, त्यांचं काय करायचं? चष्मा तर तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झाला. अंधारात चष्म्याची गरज कोणाला पडते!

७३२ च्या लढाईमुळे युरोप ‘वाचला’ असं म्हणतात ते कितपत खरं?

फ्रँक सेनानी चार्ल्स मार्टेलने फ्रान्समधल्या प्वातिएजवळ, स्पेनमधून आलेल्या अब्दुर रहमान अल-गाफिकीच्या मुस्लीम सैन्याचा पराभव केला आणि त्यात अल-गाफिकी मारला गेला, इथवर नक्की. पण दक्षिण फ्रान्समधलं नार्बोन त्यानंतरही ७५९ पर्यंत मुस्लीम राज्यकर्त्यांकडेच होतं. माझ्या मते या लढाईचा खरा फायदा मार्टेलच्या घराण्याला झाला. तो राजा नव्हता, राजवाड्याचा कारभारी होता. त्याचा मुलगा पेपिन ७५१ मध्ये राजा झाला आणि नातू सम्राट.

तोच नातू शार्लमेन. त्याच्या राज्याभिषेकाला एवढं महत्त्व कशासाठी?

२५ डिसेंबर ८०० रोजी रोममध्ये पोप लिओ तिसरा याने शार्लमेनच्या डोक्यावर मुकुट ठेवला. आइनहार्ड हा त्याचा चरित्रकार सांगतो की पोपचा बेत आधी कळला असता तर शार्लमेन त्या दिवशी चर्चमध्ये पाऊलच टाकता ना. हे खरं असो वा नम्रतेचं नाटक, त्यातली बोच खरी आहे. मुकुट पोप घालतो म्हटलं की पोप तो काढूही शकतो का? या प्रश्नाने पुढची तीनशे वर्षं खाल्ली.

साम्राज्य मात्र फार टिकलं नाही. ८४३ मध्ये व्हर्दनच्या तहाने तीन नातवंडांत वाटणी झाली. पश्चिमेच्या तुकड्यातून फ्रान्स आणि पूर्वेच्या तुकड्यातून जर्मनी घडत गेला. मधल्या पट्ट्यासाठी त्यांचे वारस विसाव्या शतकापर्यंत भांडत राहिले.

टिकलं ते भलतंच. शार्लमेनच्या आश्रयाने मठांमध्ये एक सुबक, गोलसर, सहज वाचता येणारी लिपी रुळली. पंधराव्या शतकातल्या इटालियन विद्वानांना ती जुन्या हस्तलिखितांत सापडली. ती अस्सल रोमन लिपी आहे असं समजून त्यांनी ती गिरवली, आणि छापखान्यांनी तिचे खिळे पाडले. आज इंग्रजी मजकुरात दिसणारी लहान अक्षरं त्याच वळणाची आहेत. साम्राज्य तीन पिढ्यांत वाटलं गेलं, अक्षर बाराशे वर्षं चाललं.

सरंजामशाही म्हणजे आपल्याकडची वतनदारी किंवा जहागिरीच ना?

‘सरंजाम’ हा शब्द आपण मराठेशाहीतून घेतला आणि युरोपच्या व्यवस्थेला चिकटवला, म्हणून हा घोटाळा होतो. साम्य आहेच: जमिनीचं उत्पन्न द्यायचं, बदल्यात फौज घ्यायची. फरक नात्यात आहे. युरोपात मांडलिक आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देऊन शपथ घ्यायचा, आणि ती शपथ निदान तत्त्वतः दोघांना बांधायची. धन्याने आपली बाजू पाळली नाही तर मांडलिकाला बंड करायला कारण मिळायचं. मॅग्ना कार्टाकडे, म्हणजे इंग्लंडच्या सरदारांनी राजाकडून घेतलेल्या सनदेकडे, येताना हे लक्षात असू द्या.

या उतरंडीच्या तळाशी भूदास. तो गुलाम नव्हता, पण धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हता. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत पळून आलेला भूदास वर्ष आणि एक दिवस राहिला की मोकळा होत असे.

याच काळात शेतीही बदलली. जड नांगराने उत्तरेची चिकण माती उलथता येऊ लागली. तीन शेतांची पाळी आली, म्हणजे दरवर्षी निम्म्याऐवजी एक तृतीयांश रानच पडीक. घोड्याच्या गळ्याला फास न लावता खांद्यावर भार घेणारं जोखड आलं. इंग्लंडच्या १०८६ च्या महसुली पाहणीत जवळपास सहा हजार पाणचक्क्या नोंदल्या आहेत. राजेरजवाड्यांच्या यादीपेक्षा ही नोंद मला जास्त बोलकी वाटते.

कानोसाला असं काय घडलं की त्याला वळण म्हणावं?

मला एकच वळण निवडायला सांगितलं, तर मी हे निवडेन.

बिशप कोणी नेमायचा यावरून भांडण होतं. बिशप हा धर्मगुरू तर खराच, पण त्याच्याकडे मोठ्या जमिनीही असत, त्यामुळे राजाला तो आपला माणूस हवा असे. राजे बिशपला पदाची खूण असलेली अंगठी आणि काठी (दंड) स्वतःच्या हाताने देत. पोप ग्रेगरी सातवा म्हणाला, हे चालणार नाही. १०७६ च्या जानेवारीत जर्मन राजा हेन्री चौथा याने व्होर्म्सला बिशपांची सभा भरवून पोपलाच पायउतार व्हायला सांगितलं. पोपने उलट हेन्रीला वाळीत टाकलं आणि त्याच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. जर्मन सरदार टपलेलेच होते. वर्षभरात ही शिक्षा उठवून घे, नाहीतर दुसरा राजा निवडतो, असं त्यांनी बजावलं.

मग हेन्री बायको आणि लहान मुलगा बरोबर घेऊन भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून निघाला. पोप उत्तर इटलीत कानोसाच्या किल्ल्यात उतरला होता. किल्ला माटिल्डा या टस्कनीच्या सरदारणीचा. १०७७ च्या जानेवारीअखेर हा राजा तीन दिवस दाराबाहेर अनवाणी, साध्या लोकरी वस्त्रात क्षमा मागत उभा राहिला. चौथ्या दिवशी पोपने त्याला आत घेतलं.

जिंकलं कोण? वरवर पाहता पोप. पण क्षमा मिळताच हेन्रीच्या विरोधकांच्या हातातलं हत्यार गळून पडलं. १०८४ मध्ये हेन्री फौज घेऊन रोममध्ये शिरला, आणि पुढच्याच वर्षी ग्रेगरी सालेर्नोला परागंदा अवस्थेत मेला. तरीही राजाचा निर्विवाद विजय झाला नाही. ११२२ मध्ये व्होर्म्सला तडजोड झाली: अंगठी आणि दंड चर्चने द्यायचे, जमिनीच्या अधिकाराचा राजदंड राजाने.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कोणीच पूर्ण जिंकलं नाही. एका अंगणात दोन धनी राहिले, आणि एकाने हाकललेल्या माणसाला दुसऱ्याच्या ओसरीवर जागा मिळू लागली. शहरांनी, विद्यापीठांनी, सरदारांच्या सभांनी या फटीत पाय रोवले. पुढची बरीच उत्तरं याच फटीतून निघतात.

बाय द वे, १८७२ मध्ये बिस्मार्कने जर्मन संसदेत ‘आम्ही कानोसाला जाणार नाही’ असं ठणकावलं, तेव्हा आठशे वर्षांपूर्वीचा संदर्भ त्याला समजावून सांगावा लागला नाही.

१०६६ ची हेस्टिंग्जची लढाई ही इंग्लंडची घरगुती बाब. तिचं जगाला काय?

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडचा राजा हॅरल्ड याला हरवलं. हॅरल्ड तीनच आठवड्यांपूर्वी उत्तरेत नॉर्वेच्या राजाला हरवून तसाच दक्षिणेकडे धावत आला होता. त्यानंतर तीनेकशे वर्षं इंग्लंडच्या वरच्या वर्गाची भाषा फ्रेंच राहिली. गोठ्यातल्या जनावराचं नाव इंग्रजी राहिलं आणि ताटातल्या मांसाचं फ्रेंच झालं. मेंढीसाठीचा फ्रेंच शब्द इंग्रजीत मांसासाठी रुळला, तिथून इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. म्हणून कोल्हापुरात तांबड्या रश्श्याबरोबर आपण जे मागवतो ते ‘मटण’ मुळात विजेत्या नॉर्मनांच्या पंगतीतलं आहे. ‘कोर्ट’, ‘जज्ज’ आणि ‘जेल’ हे शब्दही त्याच वाटेने आले.

क्रुसेड अयशस्वी ठरली, तरी ती वळण कशी?

नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप अर्बन दुसरा याने क्रुसेडची, म्हणजे मुस्लीम सत्तेकडून जेरुसलेम घेण्यासाठीच्या धर्मयुद्धाची, हाक दिली. जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं आणि आतल्या रहिवाशांची भयानक कत्तल झाली. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने शहर परत घेतलं. १२९१ मध्ये एकर हे क्रुसेडवाल्यांचं किनाऱ्यावरचं शेवटचं मोठं शहर पडलं आणि खेळ संपला. सैनिकी हिशेबाने पाहिलं तर दोनशे वर्षांच्या खटाटोपाचा शिल्लक आकडा शून्य.

पण १०९६ मध्ये, फौजा पॅलेस्टाइनला पोचण्याआधीच, ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ आणि व्होर्म्समधल्या ज्यू वस्त्या कापल्या गेल्या. शत्रू दूर होता, शेजारी जवळ होता. युरोपातल्या ज्यूंच्या इतिहासात इथून एक काळा धागा सुरू होतो.

दुसरं म्हणजे १२०४. चौथ्या क्रुसेडची फौज जेरुसलेमला निघाली होती. व्हेनिसच्या जहाजांचं भाडं देता येईना, म्हणून कर्जात अडकली. आंधळा, म्हातारा पण अत्यंत धूर्त असा व्हेनिसचा दोजे (राज्यप्रमुख) एन्रिको दांदोलो बरोबर होता. फौज वळली ती थेट कॉन्स्टॅन्टिनोपलवर, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्याच राजधानीवर. शहर लुटलं. तिथून आणलेले काशाचे चार घोडे आजही व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या संग्रहात आहेत. पूर्वेचं आणि पश्चिमेचं चर्च १०५४ मध्ये वेगळं झालं असं पुस्तकात असतं, पण लोकांच्या मनात ते फाटलं १२०४ मध्ये. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे अथेन्सला गेले, तेव्हा त्यांनी या लुटीबद्दल खेद व्यक्त केला. आठशे वर्षांनी दिलगिरी मागावी लागते, एवढी ती जखम ओली होती.

भारतीय अंक युरोपात कधी पोचले?

बारावं-तेरावं शतक. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने भारतीय पद्धतीच्या आकडेमोडीवर लिहिलं. बाराव्या शतकात त्याची लॅटिन भाषांतरं झाली आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘अल्गोरिदम’ शब्द तयार झाला. पिसाचा लिओनार्डो, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, तो उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात ही पद्धत शिकला. त्याचे वडील तिथे पिसाच्या व्यापाऱ्यांचं जकातीचं काम पाहत. १२०२ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथात सुरुवातीलाच हे ‘भारतीयांचे नऊ अंक’ असल्याचं सांगितलं आहे, आणि सोबत एक दहावं चिन्ह दिलं आहे. आपलं ‘शून्य’ अरबीत ‘सिफ्र’ झालं, त्याचं लॅटिन रूप होऊन त्यातूनच ‘झीरो’ निघाला.

स्वागत मात्र थंड झालं. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी घातली. या अंकांत लिहिलेला आकडा सहज बदलता येतो, शून्याला शेपूट काढलं की सहा किंवा नऊ, अशी भीती या बंदीमागे सांगितली जाते. चेकवर रक्कम अक्षरी लिहिण्याची सक्ती आजही आहे, तेव्हा त्यांना हसू नये.

ज्ञानाच्या बाबतीत युरोप तेव्हा घेणारा होता. १०८५ मध्ये टोलेडो ख्रिस्ती राजाच्या ताब्यात आलं आणि तिथल्या अरबी ग्रंथांवर भाषांतरकार तुटून पडले. क्रेमोनाच्या जेरार्ड या एकट्या माणसाने सत्तराहून जास्त ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. टॉलेमीचं खगोलशास्त्र आणि इब्न सिनाचं वैद्यक त्याच्याच हातून युरोपला मिळालं.

विद्यापीठं याच काळातली का?

हो, आणि सुरुवातीची तरी कोणी वरून ‘स्थापन’ केली नाहीत. ‘युनिव्हर्सितास’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘संघ’, जसा सुतारांचा किंवा विणकरांचा. बोलोन्यामध्ये विद्यार्थ्यांनी संघ केला आणि शिक्षकांना पगारावर ठेवलं. उशिरा आलेल्या किंवा तासाला पुरेसे श्रोते जमवू न शकलेल्या शिक्षकाला दंड व्हायचा. (हे वर्गात सांगितलं की मुलं फार खूश होतात.) पॅरिसमध्ये संघ शिक्षकांचा होता. ऑक्सफर्डला गावकऱ्यांशी भांडण झाल्यावर काही विद्वान १२०९ मध्ये उठून केंब्रिजला गेले आणि तिथे दुसरं विद्यापीठ उभं राहिलं. गावचा न्यायाधीश त्रास देऊ लागला की संघ पोपकडे जायचा, बिशप त्रास देऊ लागला की राजाकडे. वर म्हटलेली फट ती हीच. आपल्या पदवीदान समारंभातला झगाही त्या काळच्या पाद्र्यांच्या पोशाखातूनच आलेला आहे, म्हणून तर तो आपल्या उन्हाळ्यात इतका अवघड वाटतो.

मॅग्ना कार्टाने लोकशाही आणली का?

नाही. १५ जून १२१५ रोजी थेम्सकाठच्या रनीमीड कुरणावर सरदारांनी राजा जॉनला कोंडीत पकडून आपल्या अटींवर मोहोर उठवायला लावली. सही नाही, मोहोर. ६३ कलमांपैकी कितीतरी अगदी घरगुती आहेत: विधवेला पुनर्विवाहाची सक्ती करू नये, नदीत मासे अडवायचे बांध काढून टाकावेत, दारू आणि कापडाचं माप राज्यभर एकच असावं. ३९ व्या कलमात मात्र म्हटलं की कोणाही ‘मुक्त माणसाला’ कायदेशीर निवाड्याशिवाय पकडता किंवा लुबाडता येणार नाही. इंग्लंडातले बहुसंख्य शेतकरी तेव्हा ‘मुक्त’ या व्याख्येत बसतच नव्हते.

शिवाय पोपने ऑगस्टमध्येच ती रद्द केली. तीन महिनेसुद्धा धड टिकली नाही. जॉन पुढच्या वर्षी मेला, आणि त्याच्या अज्ञान मुलाच्या पालकांनी सरदारांना शांत करायला ती थोडी कापून पुन्हा जारी केली. मग १२१७, १२२५ असं वारंवार. प्रत्येक राजाला पैसा लागला की सभा आधी सनद समोर ठेवायची. ती वाचली ती अशी, पुन्हापुन्हा सौद्यात वापरल्यामुळे. तिची तीन-चार कलमं ब्रिटनच्या कायद्यात आजही जिवंत आहेत.

प्लेगने खरंच युरोपची निम्मी वस्ती नेली?

एक तृतीयांश ते निम्मी. ऑक्टोबर १३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेली जेनोवाची जहाजं सिसिलीतल्या मेस्सिनाला लागली. चार वर्षांत साथ नॉर्वेपर्यंत गेली. त्याआधी १३१५ पासूनच्या सलग ओल्या दुष्काळाने लोक खंगलेले होतेच.

यातून जे झालं ते दोन दिशांनी झालं. पश्चिमेत मजूर दुर्मीळ झाला आणि त्याने भाव वाढवून मागितला. इंग्लंडमध्ये १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या दरावर गोठवली, पण माणूसच मिळेना तेव्हा धनीच चोरून जास्त द्यायचे. १३८१ मध्ये डोईपट्टीवरून शेतकरी पेटून उठले आणि लंडनमध्ये घुसले. चौदा वर्षांच्या राजाने आश्वासनं दिली आणि मग मोडली. बंड चिरडलं गेलं, तरी पुढच्या शतकात इंग्लंडात भूदासपण झिजत झिजत संपलं. पूर्व युरोपात नेमकं उलट झालं. तिथे जमीनदारांनी पुढच्या काळात शेतकऱ्यांना आणखी घट्ट बांधलं. त्यामुळे ‘प्लेगमुळे भूदास सुटला’ हे विधान परीक्षेत लिहिलंत तर ‘पश्चिम युरोपात’ हे दोन शब्द विसरू नका.

दोष कोणावर गेला? ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी आवई उठली. पोप क्लेमंट सहावा याने १३४८ मध्ये स्पष्ट सांगितलं की ज्यूही याच रोगाने मरत आहेत, हा आरोप खोटा आहे. ऐकलं कोणी? फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गला शेकडो ज्यूंना जाळलं.

रागुसा, म्हणजे आजचं क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस दूर थांबवण्याचा नियम केला. पुढे हे दिवस चाळीस झाले, आणि इटालियनमधल्या ‘चाळीस’वरून आपल्या सगळ्यांना २०२० मध्ये पाठ झालेला ‘क्वारंटाइन’ शब्द आला.

महाराष्ट्रातला धागाही सरळ आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात आलेली गाठीची साथ त्याच जिवाणूची. त्या साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी पुण्यात रँडचा खून झाला. ब्रिटिशांनी तेव्हा केलेला साथरोग कायदा कोविडमध्ये महाराष्ट्राने पुन्हा बाहेर काढला.

चेटकिणी जाळणं आणि ‘पृथ्वी सपाट आहे’ हे मध्ययुगातलंच ना?

चेटकीण-शिकारीचा कहर सोळाव्या-सतराव्या शतकातला, म्हणजे ज्याला आपण आधुनिक म्हणतो त्या काळातला. आणि पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्या माणसांना माहीत होतं. तेराव्या शतकापासून विद्यापीठांत ते शिकवलं जाई. राजाच्या हातातला क्रूस लावलेला गोळा म्हणजे पृथ्वीच. कोलंबसचा वाद तिच्या घेराबद्दल होता, आणि त्यात कोलंबसच चुकला होता.

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

माटिल्डाचं नाव वर आलंच. ती नुसती यजमानीण नव्हती. सम्राटाविरुद्ध वर्षानुवर्षं तिने फौजा चालवल्या. तिची समाधी आज रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये आहे. जोन ऑफ आर्क १४२९ मध्ये ऑर्लेआँला फौजेबरोबर गेली, त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाचा अभिषेक घडवून आणला, आणि पाखंडी ठरवून ३० मे १४३१ रोजी तिला जाळलं. वय साधारण एकोणीस. चर्चच्याच न्यायालयाने १४५६ मध्ये तो निकाल रद्द केला आणि १९२० मध्ये तिला संत केलं.

१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं, व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून वास्को द गामा भारतात आला. बरोबर?

शाळेत आपण सगळ्यांनी हेच लिहून गुण मिळवले. पण तारखा जुळत नाहीत. पोर्तुगीजांनी सेउटा घेतलं १४१५ मध्ये आणि बोजादोर भूशिर ओलांडलं १४३४ मध्ये. आफ्रिकेचा किनारा धरून ते १४५३ च्या आधीच निघाले होते. भारताची मिरी तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला जायची आणि तिथून व्हेनिसला. तो मार्ग इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे होता, आणि उस्मानी तुर्कांनी इजिप्त जिंकलं ते १५१७ मध्ये. तोवर गोवा पोर्तुगीजांच्या हाती जाऊन सात वर्षं झाली होती. पोर्तुगीजांना मार्ग बंद झाल्याचं दुःख नव्हतं. व्हेनिसच्या नफ्याचा हेवा होता.

१४५३ चं महत्त्व दुसरीकडे आहे. जमिनीच्या बाजूचे, हजार वर्षं अभेद्य राहिलेले तट तोफेपुढे टिकले नाहीत. तोफा ओतणारा ऑर्बन हा हंगेरियन कारागीर आधी सम्राट कॉन्स्टन्टाइनकडेच काम मागायला गेला होता. सम्राटाकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून तो सुलतान मेहमेदकडे गेला. २९ मे रोजी शहर पडलं.

युरोपच्या मध्ययुगाचा आपल्या कोकण-गोव्याशी थेट संबंध आहे का?

आहे, आणि तो फार कमी लोक जोडून पाहतात. टेंपलर नावाच्या क्रुसेडी योद्ध्यांच्या संघाला फ्रान्सच्या राजाने १३०७ मध्ये पकडलं आणि १३१२ मध्ये तो संघ बरखास्त झाला. पोर्तुगालच्या राजाने मात्र त्याची मालमत्ता १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या नव्या संघाला देऊन टाकली. पुढे याच संघाचा कारभार राजपुत्र हेन्रीकडे आला आणि त्या पैशातून समुद्रमोहिमा निघाल्या. पोर्तुगीज शिडांवरचा लाल क्रूस या संघाचाच.

इन्क्विझिशन ही न्यायपद्धत तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी उभी राहिली. तीच १५६० मध्ये गोव्यात बसली. आणि गुटेनबर्गने १४५० च्या दशकात माइन्झला उभारलेलं छपाईचं तंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरलं. फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. ती रोमन अक्षरं कुठून आली, ते शार्लमेनच्या उत्तरात आहे.

मग मध्ययुग संपलं कधी?

परीक्षेत १४५३ किंवा १४९२ लिहा. बाकी, कोणाला विचारता त्यावर आहे. फ्रान्सच्या शेतकऱ्याला विचारलं तर सरंजामी हक्क ऑगस्ट १७८९ मध्ये रद्द झाले. शार्लमेनचा वारसा सांगणारं पवित्र रोमन साम्राज्य ६ ऑगस्ट १८०६ रोजी नेपोलियनच्या धाकाने विसर्जित झालं. आणि गोव्याचं इन्क्विझिशन कायमचं बंद झालं १८१२ मध्ये.